दातांचा जीर्णोद्धार

संस्कृत कोशकारांनी ‘द्विज’ या शब्दाचे तीन अर्थ दिले आहेत. उपनयनाने दुसरा जन्म पावलेला मनुष्य हा पहिला, आधी अंडे व मग पिल्लू अशा रीतीने दोनदा जन्मणारा पक्षी हा दुसरा, आणि दुधाचा पडून त्या जागी पक्का येणारा दात हा तिसरा. पहिल्या द्विजाच्या संस्कारांविषयी आपल्या घरांतून पुष्कळ विचार होतो. तिसऱ्याकडे मात्र तो ठणकू लागेपर्यंत कोणी ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक सृष्टीने या द्विजास दोनच जन्म दिले आहेत, तिसरा नाही. पक्का दात किडला, फुटला अथवा काळवंडला तर तो पुन्हा उगवत नाही. त्यास तिसरा जन्म द्यावयाचा तर तो मनुष्याच्या हातूनच द्यावा लागतो. या महिन्यात त्याच तिसऱ्या जन्माविषयी, म्हणजे दातावर सिरॅमिकची टोपी किंवा बोलीभाषेत ‘कॅप’ बसविण्याविषयी, चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

हा विषय घेण्याचे कारण असे की, आमच्या पिशोरसारख्या गावीदेखील आता घरोघरी या टोपीची चर्चा ऐकू येते. कन्नडला किंवा छत्रपती संभाजीनगरला कोणी जाऊन आला की त्याचे हसू उजळलेले दिसते, आणि मग घरातील इतरांच्या मनातही तो विचार येतो. परंतु ही टोपी कशाची, ती कोणास हवी, कोणास नको, आणि घरात तिचा खर्च कोणासाठी आधी करावा, याविषयीचे अज्ञान मात्र पूर्वीइतकेच आहे.

प्रथम दात म्हणजे काय ते पाहू. दाताचे बाहेरचे शुभ्र कवच हा आपल्या देहातील सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाच्या मानाने त्यात शेकडा सुमारे 96 भाग केवळ खनिज असते. त्याच्या आत किंचित पिवळसर असा दंतद्रव्याचा थर, आणि सर्वांत आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला जिवंत गाभा. कवच घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नाहीशा होतात. म्हणून हाड मोडले तर सांधते, पण दाताचे कवच एकदा गेले की गेले. ही एक गोष्ट नीट ध्यानात धरली म्हणजे पुढील सारा विचार सोपा होतो.

आपल्या प्राचीन वैद्यांनी दंतरोगांची नोंद बारकाईने केली आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या आठ रोगांत ‘कृमिदंतक’, ‘दंतहर्ष’, ‘दंतशर्करा’ यांच्या जोडीला ‘श्यावदंतक’ नावाचा रोग सांगितला आहे. पित्ताने मिश्रित झालेल्या रक्तामुळे दात दग्ध होऊन काळा-निळा पडतो, असे त्याचे वर्णन. आजचा दंतवैद्य जवळजवळ तेच निराळ्या शब्दांत सांगतो: मुलगा ओट्यावरून तोंडावर पडला, पुढच्या दातास मार बसला, आतील गाभ्यात रक्तस्राव झाला आणि गाभा मेला, म्हणजे काही महिन्यांनी वा वर्षांनी तो दात करडा अथवा काळसर दिसू लागतो.

दुर्दैव हे की, निदान जितके नेमके होते, तितकाच समाजाचा निवाडा कठोर झाला. काळे दात हे पूर्वजन्मीच्या सुरापानाचे चिन्ह होय, असे मनुस्मृतीत व याज्ञवल्क्यस्मृतीत म्हटलेले आढळते. ओट्यावरून पडलेल्या पोरीच्या माथी जन्मांतरीचे पाप मारणारी ही समजूत आज कोणी उघडपणे बोलून दाखवीत नाही. पण मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींची दृष्टी ज्या त्वरेने त्या एका दातावर जाऊन खिळते, ती पाहिली म्हणजे जुनी समजूत केवळ वस्त्र पालटून बसली आहे असे वाटते. मी तीस-पस्तीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलो. श्लोक म्हणताना तोंडापुढे हात धरणारी मुले-मुली प्रत्येक वर्गात एक-दोन तरी असत. तवर्ग, लकार आणि सकार यांचे उच्चारस्थान दंत होय, असे शिकविताना त्यांचे डोळे खाली जात. अशा मुलास ‘नीट उच्चार कर’ असे म्हणण्याआधी त्याच्या दाताची चौकशी करणे हे शिक्षकाचे व पालकाचे पहिले कर्तव्य होय.

आणि रंगाविषयी म्हणावे तर तोही किती चंचल! आपल्याच मराठी मुलखात सुवासिनी दातवण लावून दात बुद्ध्या काळे करीत. पांढरे दात उघडे ठेवणे अशोभनीय मानले जाई. हिरडा, माजूफळ अशी तुरट द्रव्ये आणि लोहाचा अंश यांच्या संयोगाने जशी जुनी शाई होत असे, तसाच तो काळा रंग दातांवर चढे. जपानातही कुलीन स्त्रियांत हीच रीत होती. म्हणजे पणजीच्या काळी जे सौभाग्याचे लक्षण, तेच पणतीच्या काळी वैगुण्य ठरले. तात्पर्य, रंग हा कालाचा दास आहे; बळकटी ही मात्र सर्व काळी सारखीच हवी. टोपीचा विचार करताना हा भेद विसरू नये.

आता ही टोपी आली कोठून? चिनी मातीचे दात बनविण्याची खटपट अठराव्या शतकात फ्रान्समध्ये सुरू झाली. 1774 च्या सुमारास द्युशातो नावाच्या एका औषधविक्रेत्याने आपल्या दुर्गंधी येणाऱ्या कवळीस कंटाळून चिनी मातीची कवळी करविली, आणि द्युबुआ द शेमां या दंतवैद्याने ती कला पुढे नेली. परंतु जिवंत मुळावर बसणारी एकेका दाताची चिनी मातीची टोपी साधली ती अमेरिकेतील डेट्रॉइट शहरच्या चार्ल्स लँड या दंतवैद्यास, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पातळ प्लॅटिनमच्या पत्र्यावर ती माती भाजून त्याने दाताचे कवच घडविले. 1927 साली एकट्याने विमान चालवून अटलांटिक महासागर ओलांडणारा लिंडबर्ग हा याच लँडचा नातू. लँडची टोपी दिसावयास सुंदर, पण ठिसूळ होती. 1960 नंतर धातूच्या पातळ टोपीवर सिरॅमिक भाजून चढविण्याची युक्ती रूढ झाली, आणि तेव्हापासून दाढेवरही तिचा भरवसा वाटू लागला.

आपल्याकडे या विद्येचे पहिले महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यास काढले. मुंबईचे नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय 1933 चे. मराठवाडा तोवर निजामाच्या राज्यात होता. 1948 च्या सप्टेंबरात तो मुक्त झाला, पण औरंगाबादेस शासकीय दंत महाविद्यालय व्हावयास 1982 साल उजाडले. तोवर आमच्या भागात दाताचा इलाज म्हणजे लवंगेचे तेल, आणि ते न चालल्यास आठवड्याच्या बाजारात बसणाऱ्या वैदूची चिमटी! आज घाटी रुग्णालयाच्या शेजारी असलेल्या त्या महाविद्यालयात शिकाऊ डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ अधिक लागतो, पण खर्च खासगी दवाखान्याहून पुष्कळ कमी येतो. ज्या घरी पैशाची ओढ आहे, त्यांनी हा मार्ग अवश्य ध्यानात ठेवावा.

सांप्रत टोप्या मुख्यत्वे तीन जातींच्या मिळतात. पहिली, धातूवर सिरॅमिक चढविलेली. ही मजबूत व तुलनेने स्वस्त. पण आतील धातूमुळे प्रकाश आरपार जात नाही, म्हणून किंचित निर्जीव दिसते, आणि हिरडी वयोमानाने खाली सरकली की कडेला करडी रेघ उघडी पडते. दुसरी, लिथियम डायसिलिकेट नावाच्या काचेसारख्या सिरॅमिकची. पुढच्या दातांस ही फार शोभते, कारण खऱ्या दाताप्रमाणे तिच्यात प्रकाश खेळतो. तिसरी झिर्कोनियाची, ही सर्वांत बळकट, म्हणून दाढांस विशेष उपयोगी. झिरकॉन हे तिचे मूळ खनिज केरळच्या किनाऱ्यावरील वाळूतही सापडते. हिची घडण मोठी मौजेची आहे. अर्धवट भाजलेल्या खडूसारख्या वडीतून यंत्राने टोपी कोरतात. ती मुद्दाम सुमारे पाचव्या हिश्शाने मोठी कोरतात, कारण पुढे सुमारे 1500 अंश सेल्सियस उष्णतेच्या भट्टीत ती तितकीच आकसते व मग बरोबर मापास येते. आपला कुंभारही मडके आव्यात आकसणार हे जाणूनच चाकावर थोरले घडवितो, तत्त्व एकच.

येथे एका शंकेचा परामर्श घेणे अवश्य आहे. ती आमच्यासारख्या घरांतून हटकून निघते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात आजींच्या दाढेवर टोपी बसवावयाचे ठरले, तेव्हा त्या म्हणाल्या, “कपबशी मी सोवळ्यात कधी घेतली नाही, आणि आता चिनी माती तोंडातच घालू? तिच्यात हाडाची पूड असते म्हणतात.” मुलांनी हसण्यावारी नेले; ते योग्य झाले नाही. शंका प्रामाणिक होती, तिचे उत्तरही सरळ द्यावयास हवे. हाडाची राख पडते ती ‘बोन चायना’ नावाच्या कपबश्यांत. दातांच्या सिरॅमिकमध्ये ती नसते. त्यात असतात फेल्डस्पार, गारगोटीची जात असे दगड, किंवा वर सांगितलेले झिर्कोनिया. आणि शास्त्राचेच म्हणाल, तर दातास चिकटलेली वस्तू दातासारखीच मानावी, असा दंडक गौतमधर्मसूत्रात आहे. तो अन्नकणांविषयी आहे हे खरे, परंतु अन्नाचा कणही ज्या शास्त्राने दातातच जमा धरला, ते शास्त्र दाताचे रक्षण करणाऱ्या निर्मळ पाषाणास बाहेर काढील असे वाटत नाही. हे असे समजावून सांगितल्यावर आजींनी मान डोलावली, आणि पुढे महिनाभरात त्या पुन्हा भाकरी चावून खाऊ लागल्या.

आता मुख्य प्रश्न: टोपी कोणास हवी? ज्या दाढेचे रूट कॅनाल झाले आहे, म्हणजे आतील मेलेला गाभा काढून पोकळी भरली आहे, तिचे पुष्कळसे अंग आधीच गेलेले असते. चावण्याच्या भाराने ती उभी चिरण्याचे भय असते, म्हणून तिला बहुधा टोपी हवीच. दात मोठा फुटला असेल, किडीने भिंती पातळ झाल्या असतील, किंवा वर्षानुवर्षे घासून बसका झाला असेल, तरीही ती हवी. परंतु केवळ डाग आहेत, एवढ्यावरून टोपी बसविणे हे मात्र अविचाराचे होय. कारण टोपी बसविण्यासाठी दात चोहोंकडून साधारण एक ते दोन मिलिमीटर कोरून बारीक करावा लागतो, आणि आपण वर पाहिलेच की गेलेले कवच परत येत नाही. निरोगी दात एकदा कोरला की त्यास जन्मभर टोपीचा आश्रय घ्यावा लागतो. शिवाय अशा कोरलेल्या दातांपैकी काहींचा जिवंत गाभा पुढे मरतो व रूट कॅनालची पाळी येते.

डागांची कारणे निरनिराळी असतात, तसे त्यांचे उपायही. चहा, तंबाखू, मिशेरी व सुपारी यांचे डाग वरवरचे. दंतवैद्याकडून दात स्वच्छ करून घेतल्यास बहुतेक जातात, मात्र व्यसन सुटले नाही तर परत येतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही गावी पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वरचे असे पाणी बालपणी प्याल्याने दातांवर पांढरे-तपकिरी ठिपके उमटतात. हे ठिपके मोठेपणच्या पाण्याने उमटत नाहीत, दात हिरडीत घडत असतानाच उमटतात. म्हणून खरा उपाय विहिरीचे पाणी तपासून घेण्याचा. सौम्य ठिपक्यांस घासून झिलई देणे किंवा औषधाने रंग उतरविणे पुरते. अधिक गडद असल्यास दर्शनी बाजूस सिरॅमिकचा पातळ पापुद्रा बसवितात, त्यास दात कमी कोरावा लागतो. मार लागून काळवंडलेला पुढचा दात असेल तर रूट कॅनाल करून त्याच्या आतच औषध ठेवून रंग उजळता येतो. दात धडधाकट असेल तर आधी हाच मार्ग चोखाळावा. टोपी ही शेवटची पायरी आहे, पहिली नव्हे.

ज्या आजींची गोष्ट वर सांगितली, त्यांच्याच घरातील पुढची हकीकत विचार करावयास लावणारी आहे. नात लग्नाची होती. तिचे दात निरोगी, फक्त किंचित पिवळसर व पुढचा एक दात अंमळ वाकडा. एका पाहुण्याने काही बोलून दाखविले, आणि घरात ठरले की पुढच्या सहाही दातांवर टोप्या बसवून टाकाव्यात. रक्कम मोठी, तरी तिच्याविषयी कोणी ब्र काढला नाही. याच आजींची दाढ मात्र दोन वर्षे ठणकत होती, त्या एका बाजूने चावत, भाकरी दुधात कुस्करून खात, आणि कोणी विचारले तर म्हणत, “आता माझे दिवस ते किती राहिले!” एक टोपी त्यांस हवी होती ती खर्चाच्या यादीत आलीच नव्हती, सहा टोप्या जिला नको होत्या तिच्यासाठी पैसा तयार होता. सुदैवाने दंतवैद्य सज्जन भेटला. त्याने मुलीचे दात कोरण्यास साफ नकार दिला, वाकड्या दातासाठी तार लावण्याचा सल्ला दिला, आणि सोबत आलेल्या आजींना खुर्चीत बसवून त्यांची दाढ पाहिली. घरातील हिशेब त्या दिवशी उलटा झाला, आणि तो योग्यच झाला.

एकत्र कुटुंबाचा मोठेपणा हाच की त्यात गरज पाहून खर्च होतो, देखावा पाहून नव्हे. परंतु दातांच्या बाबतीत हा नियम वारंवार मोडतो. कारण वृद्धांची दाढ दिसत नाही आणि उपवर मुलीचे हसू दिसते. वृद्ध मनुष्य नीट चावू शकला नाही की तो डाळ, शेंगदाणे, फळे, कोशिंबीर सोडतो. मऊ भात व गोड पदार्थ यांवर राहतो. शक्ती क्षीण होते, मधुमेह असल्यास बळावतो. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण नशिबावर ढकलतो. पण चणे घरात असून दात दुरुस्त न करणे हा नशिबाचा दोष नव्हे. आणि मुलींच्या आईबापांस एवढेच सांगणे की, निरोगी दात कोरून ज्यांचे समाधान करावयाचे, ते पुढे आणखी काय काय कोरावयास सांगतील याचा नेम नाही.

टोपी बसवावयाचे ठरलेच तर व्यवहाराच्या काही गोष्टी. डॉक्टर राज्य दंत परिषदेकडे नोंदलेला आहे ना, हे विचारण्यास संकोच करू नये; 1948 च्या दंतवैद्यक कायद्यापासून ही नोंदणी आवश्यक झालेली आहे. रस्त्याच्या कडेस बसून तासाभरात पक्का दात चिकटवून देणारे लोक प्लॅस्टिकचा दात शेजारच्या निरोगी दातांस जखडून टाकतात. त्याखाली अन्न कुजते व चांगले दातही जातात. टोपीची जात कोणती, ती कोणत्या प्रयोगशाळेतून येणार, हमीपत्र मिळेल काय, हे आधी विचारून घ्यावे. धातूवरची टोपी काही हजार रुपयांत होते. झिर्कोनियास त्याच्या दुप्पट-तिप्पट पडतात. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल, तर ते आधीच सांगावे. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नये.

काम बहुधा दोन खेपांत होते. पहिल्या खेपेस दात कोरून त्याचे माप घेतात व तात्पुरती टोपी बसवितात. रंग जुळविण्यासाठी सोळा छटांची एक पट्टी असते. ती निवड दिवसाच्या उजेडात, दात कोरण्यापूर्वी आणि ओठांची लाली पुसून करावी, कारण उघडा राहून सुकलेला दात क्षणभर अधिक पांढरा दिसतो. शेजारच्या दातांशी जुळणारी छटा घ्यावी. दुधासारखी शुभ्र निवडली तर एकच दात दिव्यासारखा उजळतो आणि सारे बिंग फुटते. तात्पुरती टोपी असेतो चिक्की, तिळगूळ असले चिकट पदार्थ वर्ज्य करावेत. दुसऱ्या खेपेस कायमची टोपी सिमेंटने बसविण्यापूर्वी ती चावून पाहण्यास देतात. तेव्हा किंचितही उंच लागत असेल तर लाज न धरता सांगावे, कारण तेवढी उंचीही पुढे दाढ दुखवते.

बसविल्यावर ती विसरून जाऊ नये. सिरॅमिक किडत नाही, हे खरे; पण टोपीच्या कडेखालचा दात किडतो. म्हणून दोन वेळा घासणे, दातांमधून दोरा फिरवणे आणि सहा महिन्यांनी दाखवणे ही नित्यकर्मे चुकवू नयेत. आमच्या भागात उसाचे कांडे दातांनी सोलण्याची हौस मोठी. टोपीच्या दातांनी ते करू नये, अडकित्त्याचे काम दातांकडून घेऊ नये. झोपेत दात खाण्याची सवय असेल तर रात्री लावावयाचे पट्टीसारखे आवरण करवून घ्यावे. इतकी काळजी घेतल्यास टोपी पुष्कळ वर्षे टिकते; पाच वर्षांनी शंभरांतील नव्वदांहून अधिक टोप्या शाबूत असल्याचे पाहण्यांत आढळले आहे, आणि दहा-पंधरा वर्षे चाललेल्याही विपुल आहेत.

देवळाचा जीर्णोद्धार करताना जाणता स्थपती मूळ पाषाण शक्य तितका राखतो; जेथे ढासळले तेथेच नवा दगड बसवितो, आणि तोही जुन्याच्या रंगाशी जुळवून. दाताचा जीर्णोद्धारही याच मर्यादेने व्हावा. हा अंक हाती असेतोच वाचक-भगिनींनी एवढे करावे: आज रात्रीच्या पंगतीत घरातील वडील मंडळींच्या पानाकडे जरा पाहावे. कोण एका बाजूने चावतो, कोण भाकरीचा कडक पापुद्रा पानात टाकून उठतो, ते दिसेल. दंतवैद्याकडील पहिली खेप त्यांच्या नावाने लिहावी.